महाराष्ट्र-गोव्यातील खडक, खनिजे, धातू आणि रत्ने : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विहीर खणताना निघालेले चमकदार स्फटिक, नांगराला लागलेला जड काळा दगड, मुलांनी घाटातून उचलून आणलेली गारगोटी, सराफाने दाखवलेला माणिक, अशा वस्तूंविषयी लोक जे विचारतात त्यांतील नेहमीचे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. उत्तरांचा भर महाराष्ट्र आणि गोव्याच्या भूमीवर आहे, कारण एखादा दगड कोणता हे ठरवताना तो कोठे आणि कोणत्या थरात सापडला ही माहिती त्याच्या रंगरूपापेक्षाही अधिक उपयोगी पडते.

खनिज आणि खडक यांत नेमका फरक काय?

खनिज म्हणजे निसर्गात अजैविक प्रक्रियेने तयार झालेला, ठरावीक रासायनिक घटना असलेला आणि ज्यातील अणूंची मांडणी ठरावीक नियमाने झालेली आहे असा घन पदार्थ. क्वार्ट्झ, कॅल्साइट, हेमॅटाइट ही खनिजे होत. खडक हा बहुधा अनेक खनिजांच्या कणांचा बनलेला असतो. सह्याद्रीचा काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, हातात घेतला तर एकजिनसी वाटतो. परंतु त्याचा कागदाहून पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास प्लॅजिओक्लेज फेल्डस्पारच्या बारीक पट्ट्या, त्यांच्यामध्ये अडकलेले पायरॉक्झिनचे कण, लोह व टायटॅनियमची काळी ऑक्साइडे आणि कोठे कोठे स्फटिक बनण्याआधीच थिजलेली काच असे वेगवेगळे घटक स्पष्ट दिसतात.

महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी काळाच दगड का आढळतो?

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी येथील भूकवचाला पडलेल्या लांबच लांब भेगांतून लाव्हारस पुन्हा पुन्हा वर आला आणि दूरवर पसरत गेला. शंकूसारखा ज्वालामुखी पर्वत आणि त्याचे मुख असे जे चित्र आपल्या डोळ्यांपुढे असते, ते येथे फारसे लागू पडत नाही. आज हा बेसाल्ट सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर क्षेत्रावर उरला आहे. मुळात त्याचा विस्तार याहून मोठा होता. ज्या भेगांतून रस वर आला त्यांपैकी पुष्कळ भेगांत तो तसाच थिजला. धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत मैलोन्‌मैल सरळ रेषेत धावणाऱ्या दगडी भिंतींसारख्या टेकड्या दिसतात, त्या याच भेगा होत. सभोवतालचा खडक झिजून गेला आणि भेगेतील कठीण दगड उभा राहिला.

सह्याद्रीत ठिकठिकाणचे थर एकावर एक धरून मोजले तर त्यांची एकत्रित जाडी दोन किलोमीटरपेक्षा अधिक भरते, पूर्वेकडे ती कमी होत जाते. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी येथे घेतलेल्या छिद्रात सुमारे ३४० मीटर बेसाल्ट संपल्यावर, गाळाचा एक पातळ थर ओलांडून, प्राचीन पायाभूत खडक लागला. कोयना परिसरात रासाटी येथे तोच पाया सुमारे ९३० मीटर खाली ग्रॅनाइटच्या रूपाने भेटला. ‘आपला दगड ज्वालामुखीचा’ हे म्हणणे खरे असले, तरी त्याखाली कितीतरी जुनी भूमी झाकलेली आहे हे विसरू नये. विदर्भाचा पूर्व भाग, सिंधुदुर्ग आणि गोवा येथे ती उघडी पडलेली आहे. महाराष्ट्र आणि गोव्यातील धातूंच्या मोठ्या खाणी नेमक्या तेथेच का आहेत, याचे उत्तर यातच आहे.

विहीर खणताना एकाच ठिकाणी मऊ आणि कठीण थर आलटूनपालटून का लागतात?

लाव्हाचा प्रत्येक प्रवाह हा स्वतंत्र थर असतो. प्रवाहाचा मधला भाग सावकाश थंड होतो, त्यामुळे तो घट्ट असतो; माथ्याकडे मात्र वायूंचे बुडबुडे जमतात आणि तो भाग सच्छिद्र राहतो. विहीर खणणारे लोक मुरूम, मांजऱ्या आणि काळा पाषाण असे जे भेद करतात ते या रचनेला धरूनच आहेत. मांजऱ्या म्हणजे पोकळ्यांचा, पांढऱ्या ठिपक्यांचा, तुलनेने मऊ दगड. दोन प्रवाहांच्या मध्ये कधी तांबड्या मातीचा पट्टा दिसतो. एक प्रवाह थिजल्यानंतर दुसरा येईपर्यंत जो काळ गेला त्यात पहिल्याचा पृष्ठभाग उन्हापावसाने कुजला, त्याची ही खूण आहे. या अवधीत तळीही साचत असत. मुंबईत वरळीच्या टेकडीतील अशा गाळाच्या थरांत बेडकांचे जीवाश्म सापडले आहेत.

अशा पोकळ्यांत सापडणारे पांढरे, हिरवे किंवा गुलाबी स्फटिक कोणते?

हा प्रश्न सर्वांत अधिक विचारला जातो आणि त्याचे सविस्तर उत्तर देणे योग्य आहे, कारण या खनिजांसाठी महाराष्ट्र जगभरातील संग्रहालयांत ओळखला जातो. यांतील पुष्कळ खनिजे झिओलाइट या गटातील आहेत. लाव्हा थिजल्यानंतर दीर्घकाळपर्यंत कोमट व उष्ण पाणी त्या थरांतून झिरपत राहिले. त्या पाण्याने खडकातील सिलिका, ॲल्युमिनियम, कॅल्शियम आणि सोडियम विरघळवून घेतले आणि रिकाम्या पोकळ्यांत पुन्हा स्फटिकरूपाने ठेवले.

एखादी चांगली पोकळी अखंड फोडता आली, तर तिच्या भिंतीपासून आत येताना हा क्रम वाचता येतो. भिंतीलगत बहुधा सेलॅडोनाइटचे किंवा तत्सम हिरव्या चिकणखनिजाचे पातळ अस्तर असते; त्यावर कॅल्सेडनीचा निळसर करडा थर किंवा क्वार्ट्झचे बारीक टोकदार दाणे; त्यावर ह्यूलँडाइट आणि स्टिल्बाइट; आणि अगदी आत, मोकळ्या जागेत, ॲपोफिलाइट किंवा कॅल्साइटचे मोठे स्फटिक. हा क्रम प्रत्येक पोकळीत असाच असेल असे नाही, परंतु आधी काय वाढले आणि नंतर काय, हे पाहण्याची सवय लागली की नमुना ओळखणे फार सोपे होते.

स्टिल्बाइट मधोमध आवळलेल्या कडब्याच्या पेंढीसारखा दिसतो, पांढरा किंवा फिकट गुलाबी, आणि एकदा पाहिला की विसरत नाही. स्कोलेसाइट आणि मेसोलाइट यांच्या सुया एका बिंदूपासून चहूकडे पसरतात. ओकेनाइटचे पांढऱ्या तलम तंतूंचे गोळे बनतात; ते बोटाने दाबू नयेत, कारण मोडलेला तंतू पुन्हा उभा राहत नाही. ॲपोफिलाइट झिओलाइट नाही, मात्र त्यांच्याच सोबतीने आढळतो. त्याच्या स्फटिकाच्या सपाट माथ्यावर मोत्यासारखी झळाळी असते आणि बाजू काचेसारख्या चमकतात. पुण्याजवळच्या खाणींतून निघालेल्या हिरव्या ॲपोफिलाइटला तो रंग अत्यल्प व्हॅनेडियममुळे येतो.

वाघोलीच्या दगडखाणींतील कॅव्हॅन्साइटचा उल्लेख येथे केलाच पाहिजे. कॅल्शियम आणि व्हॅनेडियमचे हे गडद निळे सिलिकेट जगात मोजक्याच ठिकाणी मिळते. पहिला नमुना अमेरिकेतील ओरेगन राज्यातला, पण उत्तम नमुने वाघोलीचे. पांढऱ्या स्टिल्बाइटवर बसलेला त्याचा निळा गुच्छ पाहिल्यावर, खडीसाठी फोडल्या जाणाऱ्या दगडात असे काही असू शकते यावर विश्वास बसणे अवघड जाते. असे कितीतरी नमुने खडीयंत्रात गेले असतील, ही खरोखर हळहळण्यासारखी गोष्ट आहे. चांगले नमुने प्रत्यक्ष पाहायचे असतील त्यांनी नाशिकजवळ सिन्नर येथील गारगोटी संग्रहालयास अवश्य भेट द्यावी.

झिओलाइटचा व्यवहारात उपयोग काय?

त्यांच्या स्फटिकरचनेत सूक्ष्म मार्गिका असतात आणि त्यांत पाणी सामावलेले असते. स्वीडनच्या क्रोन्स्टेट यांनी १७५६ मध्ये असे खनिज तापवले तेव्हा ते फसफसून वाफ बाहेर पडली. या मार्गिकांमुळे झिओलाइट पाण्यातील काही आयन (विद्युतभारित अणू) अदलाबदल करून घेते आणि लहान रेणू गाळून वेगळे करते. जलमृदुकरण, धुण्याची पावडर आणि खनिज तेलाचे शुद्धीकरण यांत त्यांचा मोठा वापर होतो. त्यासाठी बहुतांशी कारखान्यांत बनवलेले झिओलाइट वापरतात. महाराष्ट्रातील पोकळ्यांमधील स्फटिकांचे मोल संग्राहकांसाठी आणि अभ्यासासाठी आहे.

घरच्या घरी खनिज कसे ओळखावे?

रंगावर विसंबू नये. त्याऐवजी चार गोष्टी तपासाव्यात.

पहिली कठिनता. जर्मन खनिजवैज्ञानिक मोस यांनी १८१२ मध्ये तयार केलेल्या मापनश्रेणीत संगजिरे १ वर आणि हिरा १० वर आहे. बोटाच्या नखाची कठिनता सुमारे २.५, चाकूच्या पोलादाची सुमारे ५.५ आणि क्वार्ट्झची ७. त्यामुळे चाकूने ओरखडा पडला तर ते क्वार्ट्झ नव्हे, एवढे निश्चित सांगता येते. पांढऱ्या स्फटिकांतील कॅल्साइट आणि क्वार्ट्झ यांचा गोंधळ या एका परीक्षेने मिटतो.

दुसरी कस, म्हणजे खनिजाच्या भुकटीचा रंग. स्वयंपाकघरातील फरशीची चकाकी नसलेली मागची बाजू यासाठी पुरेशी आहे. हेमॅटाइट बाहेरून काळा, करडा किंवा पोलादी दिसला तरी फरशीवर लालसर तपकिरी रेघ उमटवतो. मॅग्नेटाइटची रेघ काळी येते. सोनार कसोटीच्या दगडावर सोने घासून पाहतो तेही याच तत्त्वाने.

तिसरी पाटन. काही खनिजे ठरावीक प्रतलांतच फुटतात. कॅल्साइट कितीही वेळा फोडला तरी तिरक्या चौकटीचेच तुकडे पडतात, अभ्रकाचे पापुद्रे निघतात, क्वार्ट्झ मात्र काचेसारखा वेडावाकडा फुटतो.

चौथी परीक्षा आम्लाची. कॅल्साइटवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की तो फसफसतो. घरी करायचे असल्यास भुकटी करून त्यावर व्हिनेगर टाकावे आणि बारकाईने पाहावे. ही परीक्षा संपूर्ण नमुन्यावर कधीही करू नये, कारण आम्लाने कॅल्साइट विरघळतो आणि काही झिओलाइटही खराब होतात.

शेतात जड, काळा आणि चुंबकाला ओढणारा दगड सापडला. तो उल्का असेल का?

असण्याची शक्यता फार थोडी आहे. बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट असल्यामुळे तो स्वतःच चुंबकाला किंचित प्रतिसाद देतो, आणि जुन्या लोहारकामाची मळी तर हुबेहूब उल्केसारखी भासते. पृष्ठभागावर बुडबुड्यांची छिद्रे असतील तर तो दगड जवळजवळ निश्चितपणे उल्का नव्हे. खऱ्या उल्केवर वातावरणात जळल्यामुळे आलेली पातळ काळी साय असते आणि ताज्या फुटलेल्या भागात बहुधा धातूचे चकाकते कण दिसतात. शंका उरल्यास तो न फोडता, न धुता तज्ज्ञांना दाखवावा.

याच संदर्भात लोणारविषयी विचारले जाते. बुलढाणा जिल्ह्यातील हे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर ज्वालामुखीचे मुख नसून आघाताने झालेले आहे. १९७० च्या दशकातील अभ्यासात तेथे मॅस्केलिनाइट ही काच आढळली. फेल्डस्पारचे अशा काचेत रूपांतर होण्यासाठी लागणारा प्रचंड दाब ज्वालामुखीत निर्माण होत नाही. विवराच्या वयाबद्दल मतभेद आहेत: एका पद्धतीने ते सुमारे ५२ हजार वर्षे येते, तर आर्गॉनवर आधारित पद्धतीने सुमारे ५ लाख ७० हजार. बेसाल्टमधील मोजक्या आघात-विवरांपैकी ते असल्याने त्याचे महत्त्व फार मोठे आहे, आणि तेथील दगड उचलून आणणे सर्वथा अनुचित आहे.

दगडात सोनेरी कण चमकतात. ते सोने आहे का?

बहुधा पायराइट, चॅल्कोपायराइट किंवा कुजलेले अभ्रक. सोने मऊ असते, सुईने टोचल्यास दबते, फुटत नाही, आणि त्याचा कस पिवळाच येतो. पायराइट ठिसूळ असून त्याचा कस हिरवट काळा असतो. अभ्रकाचा कण नखाने सुटा होतो आणि तरंगतो.

बेसाल्टमध्ये लोह आहे, मग सह्याद्रीत लोखंडाच्या खाणी का नाहीत?

बेसाल्टमध्ये वजनाने दहा टक्क्यांच्या आसपास लोह असते. तथापि त्यातील बरेचसे सिलिकेट खनिजांत असे घट्ट बांधलेले आहे की ते वेगळे काढण्याचा खर्च मिळकतीपेक्षा कितीतरी अधिक होईल. धातू मिळवणे ज्यातून परवडते त्या साठ्यालाच धातुक म्हणतात. शुद्ध हेमॅटाइटमध्ये सुमारे ७० टक्के लोह असते. डिचोली, सत्तरी आणि सांगे तालुक्यांतील गोव्याचे लोहखनिज अतिप्राचीन पट्टेदार खडकांतून आले आहे. त्या खडकांतील सिलिका पावसाच्या पाण्याने वाहून गेली आणि लोह मागे राहून समृद्ध झाले. सिंधुदुर्गातील रेडी आणि गडचिरोलीतील सुरजागड येथील लोहखनिजही बेसाल्टच्या बाहेरचे, जुन्या खडकांतलेच.

मँगनीजची कथा निराळी आहे. नागपूर व भंडारा जिल्ह्यांपासून मध्य प्रदेशातील बालाघाटपर्यंत जो पट्टा जातो, तेथे प्राचीन समुद्राच्या तळाशी मँगनीजयुक्त गाळ साचला आणि पुढे उष्णता व दाबाने त्याचे रूपांतरित खडक झाले. तेथे मिळणाऱ्या, मँगनीजी गार्नेट व क्वार्ट्झ यांच्या बनलेल्या खडकाला भूवैज्ञानिक फर्मोर यांनी त्या प्रदेशातील गोंड समाजावरून गोंडाइट हे नाव दिले. मनसर, कांद्री, चिखला आणि डोंगरी बुजुर्ग या तेथल्या परिचित खाणी. पोलाद बनवताना मँगनीज लागतेच, त्यामुळे या पट्ट्याचे मोल शंभर वर्षांहून अधिक काळ टिकून आहे.

जांभा दगड बेसाल्टपेक्षा इतका वेगळा का?

उष्ण आणि अतिपावसाच्या प्रदेशात खडक कुजतो तेव्हा सिलिका, कॅल्शियम, सोडियम विरघळून निघून जातात आणि लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे व हायड्रॉक्साइडे मागे राहतात. त्यापासून जांभा तयार होतो. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोव्यात त्याचे सडे, म्हणजे सपाट खडकाळ पठारे, पसरले आहेत. महाबळेश्वर, पाचगणी आणि कासच्या माथ्यावरही त्याचीच टोपी आहे. जांभा बेसाल्टपासून बनतो तसा इतर खडकांपासूनही बनतो. जेथे ॲल्युमिनियमचे प्रमाण पुष्कळ वाढते तेथे त्याला बॉक्साइट म्हणतात. कोल्हापूर जिल्ह्यात त्याच्या खाणी आहेत.

चिरेखाणीतून ताजा काढलेला चिरा ओलसर आणि सहज कापता येण्याजोगा असतो, उघड्यावर वाळल्यानंतर त्यातील लोहसंयुगे घट्ट होतात व तो टणक बनतो. कोकणातील कातळशिल्पे याच जांभ्यावर कोरलेली आहेत. सड्यावर नवी चिरेखाण सुरू करण्यापूर्वी तेथे शिल्पे नाहीत ना, हे पाहण्याची काळजी प्रत्येकाने घ्यावी, कारण एकदा कापलेला कातळ परत मिळत नाही.

कोळसा खनिज आहे का?

कायद्याच्या आणि उद्योगाच्या भाषेत होय. भूविज्ञानाच्या काटेकोर व्याख्येनुसार नाही, कारण तो वनस्पतींपासून बनला आहे आणि त्याला ठरावीक स्फटिकरचना नाही. त्याला गाळाचा खडक मानतात. चंद्रपूर व वणी परिसरातील कोळसा बेसाल्टपेक्षा कितीतरी जुना, पंचवीस कोटी वर्षांहून अधिक वयाचा आहे.

महाराष्ट्रात हिरे सापडतात का?

बेसाल्टमध्ये नाहीत. हिरा सुमारे दीडशे किलोमीटर किंवा त्याहून अधिक खोलीवर तयार होतो आणि किंबर्लाइट किंवा तत्सम खडकांच्या वेगवान उद्रेकातूनच वर येतो. मध्य प्रदेशातील पन्ना येथे असा साठा आहे. गडचिरोली जिल्ह्यातील वैरागड येथे हिऱ्यांची खाण असल्याचा उल्लेख अकबरकालीन नोंदींत आहे. तो भाग बेसाल्टच्या पलीकडे, जुन्या खडकांच्या प्रदेशात येतो. सह्याद्रीतील पोकळीत सापडलेला पारदर्शक, सहा बाजूंचा स्फटिक क्वार्ट्झच समजावा.

माणिक आणि नीलम एकच खनिज आहे हे खरे का?

खरे आहे. दोन्ही कुरुंद, म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइड. त्यात क्रोमियमचा अंश आला तर लाल माणिक, लोह आणि टायटॅनियम आले तर निळा नीलम. पाचू हा बेरिल, गोमेद हा गार्नेटचा प्रकार, लसण्या हा क्रायसोबेरिल. मोती आणि पोवळे नवरत्नांत असले तरी त्यांची घडण सजीवांकडून होते.

खरेदी करताना केवळ ‘अस्सल आहे का’ एवढे विचारून भागत नाही. प्रयोगशाळेत वाढवलेला माणिक रासायनिकदृष्ट्या माणिकच असतो. खाणीतल्या माणकालाही बहुधा तापवून रंग सुधारलेला असतो. आणि भेगांत शिसेयुक्त काच भरलेले स्वस्त माणिक बाजारात पुष्कळ आहेत, जे दागिना दुरुस्त करताना उष्णतेने किंवा आम्लाने खराब होतात. म्हणून खडा नैसर्गिक आहे का, त्यावर कोणती प्रक्रिया झाली आहे आणि त्याचे प्रमाणपत्र स्वतंत्र प्रयोगशाळेचे आहे का, हे तिन्ही प्रश्न लेखी उत्तरासह विचारावेत.

अकीकाचे भडक निळे, गुलाबी रंग नैसर्गिक असतात का?

नसतात. अकीक सच्छिद्र असल्याने तो सहज रंगवता येतो. दख्खनच्या अकीकाचा नैसर्गिक रंग करडा, दुधी, तपकिरी किंवा तांबूस असतो. गुजरातेत खंभातचे कारागीर दगड उन्हात ठेवून, मग भट्टीत भाजून त्यातील लोहामुळे येणारा लाल रंग खुलवतात. ही कला हडप्पाकाळापासूनची आहे.

स्वयंपाकघराच्या ओट्याचा काळा ग्रॅनाइट खरोखर ग्रॅनाइट असतो का?

सहसा नाही. तो डोलेराइट किंवा गॅब्रो असतो, म्हणजे घटकांच्या दृष्टीने बेसाल्टचा जवळचा नातेवाईक, मात्र जमिनीखाली सावकाश थंड झालेला. वापराला तो उत्तम आहे. संगमरवर मात्र कॅल्साइटचा असल्याने लिंबाच्या रसाने त्यावर डाग पडतो.

स्फटिक जवळ ठेवल्याने आजार बरे होतात का?

याला कोणताही वैज्ञानिक आधार नाही. उपचार डॉक्टरांकडूनच घ्यावेत.

सापडलेले नमुने कसे जपावेत?

मऊ ब्रशने आणि साध्या पाण्याने स्वच्छ करावेत. तंतुमय नमुन्यांना पाणी लावू नये, त्यांवरची धूळ हलकेच फुंकणीने काढावी. जमुनिया, म्हणजे जांभळा क्वार्ट्झ, उन्हात फिका पडतो. लॉमोंटाइट हा झिओलाइट कोरड्या हवेत पाणी गमावून भुकटी होतो, त्यात कोणाचा दोष नाही. तंतुमय खनिजे घरात फोडू किंवा घासू नयेत, कारण एरिओनाइट या झिओलाइटची धूळ श्वासावाटे गेल्यास कर्करोग होऊ शकतो.

प्रत्येक नमुन्याला क्रमांक देऊन गाव, तालुका, विहीर किंवा खाण, किती खोलीवर, कोणत्या थरात आणि कोणत्या तारखेला मिळाला, हे वहीत लिहावे. सुंदर परंतु ठिकाण नसलेला नमुना अभ्यासकाला जवळजवळ निरुपयोगी ठरतो. साधा पण नोंद असलेला नमुना तो आनंदाने पाहतो.

दगड उचलून नेणे कायदेशीर आहे का, आणि माहिती कोणाकडे मिळेल?

खनिजांचे नियमन १९५७ च्या खाण व खनिज अधिनियमाने होते. बांधकामाचा दगड, मुरूम आणि साधी वाळू ही गौण खनिजे असून त्यांचे उत्खनन व वाहतूक यांसाठी महसूल विभागाची परवानगी आणि स्वामित्वधन आवश्यक असते. खाणीतून एखादा नमुना घ्यायचा असला तरी खाणमालकाची संमती घ्यावी. लेणी, किल्ले, अभयारण्ये आणि लोणारसारखी संरक्षित स्थळे येथून काहीही उचलू नये.

नागपूर हे या विषयाचे महत्त्वाचे केंद्र आहे. राज्याचे भूविज्ञान आणि खनिकर्म संचालनालय, भारतीय खाण ब्युरोचे मुख्यालय आणि १८५१ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे मध्य विभागीय कार्यालय तेथे आहे. विहीर आणि भूजल यांसंबंधीच्या प्रश्नांसाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात जावे. जवळच्या महाविद्यालयात भूशास्त्र विभाग असेल तर तेथील प्राध्यापक बहुधा आवर्जून वेळ देतात. जाताना नमुन्यासोबत तो ज्या जागेतून काढला तिचे छायाचित्र आणि आजूबाजूच्या खडकाचा एक तुकडाही न्यावा.